मुक्तीचा हिशेब : ‘फ्रीडम क्राय’मधला इतिहास

युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग’ या व्हिडिओ गेमला डिसेंबर २०१३मध्ये ‘फ्रीडम क्राय’ ही कथा-पुरवणी जोडली गेली. मूळ खेळाचा नायक गोरा चाचा. पुरवणीचा नायक त्याचा जहाजावरील जुना सहकारी अडेवाले, त्रिनिदादमध्ये गुलामीत जन्मलेला. स्थळ फ्रेंचांची वसाहत सँ-दोमँग, म्हणजे आजचे हैती; काळ १७३५च्या सुमाराचा.

दुय्यम पात्राला मध्यभागी आणून ही पुरवणी चाचेगिरीच्या रम्य कथेमागचा गुलामांचा व्यापार उघडा करते. एका प्रसंगी बुडत्या जहाजाच्या पोटात माणसे साखळदंडांनी जखडलेली आहेत. अडेवाले धडपडतो, पण सर्वांना वाचवू शकत नाही. खेळाडूचे कौशल्यही तिथे थिटे पडते. १६८५च्या ‘कोड न्वार’ कायद्याने माणसाला जंगम मालमत्ता ठरवले होते. त्याचा अर्थ या दृश्यात अंगावर येतो.

उणिवाही आहेत. कथा घडते ते पोर्ट-ओ-प्रिन्स शहर वसले १७४९मध्ये. हा कालविपर्यास एक वेळ क्षम्य मानता येईल. खरा दोष खेळाच्या रचनेत आहे. सोडवलेल्या गुलामांची संख्या वाढली की नवी शस्त्रे आणि साधने खुली होतात. साहजिकच खेळाडू माणसे मोजू लागतो. व्यापाऱ्याच्या खतावणीतही माणूस आकडाच होता.

शिवाय मुक्तीचा पुढाकार नायकाकडेच राहतो. प्रत्यक्षात १७९१चा उठाव गुलामांनीच केला आणि १८०४मध्ये हैती स्वतंत्र झाले. ‘फ्रीडम क्राय’ गुलामीचे दुःख दाखवते. गुलामांचे कर्तेपण मात्र तिच्या हिशेबात बसत नाही.