विनंतीची सही आणि हुकमाची सही

१८४२ सालच्या मे महिन्याच्या २ तारखेला लंडन शहरात कामगारांची एक प्रचंड मिरवणूक पार्लमेंटकडे निघाली. मिरवणुकीत मानाची जागा कोणा पुढाऱ्याला नव्हती. ती एका अर्जाला होती. चार्टिस्ट म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेल्या इंग्रज कामगारांनी गावोगाव हिंडून त्यावर ३३,१७,७५२ सह्या मिळविल्या होत्या. कागदाला कागद जोडीत गेल्यामुळे अर्ज काही मैल लांबीचा झाला होता. तो पार्लमेंटच्या दारातून आत जाईना, तेव्हा त्याचे तुकडे करून ते सभागृहात नेऊन टाकावे लागले. मागणी काय? तर प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा अधिकार द्या, मतदान गुप्त ठेवा, आणि अशाच आणखी काही गोष्टी. दुसऱ्याच दिवशी, अर्जदारांचे म्हणणे निदान ऐकून तरी घ्यावे की नाही, यावर मते पडली. ऐकावे म्हणणारे ४९, ऐकू नये म्हणणारे २८७. तेहतीस लाखांचा निकाल २८७ जणांनी लावला.

सहा वर्षांनी, १८४८ साली, पुन्हा अर्ज गेला. या खेपेस सत्तावन्न लाख सह्या आहेत असे पुढाऱ्यांनी जाहीर केले. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या, त्या भरल्या १९,७५,४९६. आणि त्यांत खुद्द व्हिक्टोरिया राणीचीही सही निघाली! सगळ्या इंग्लंडात हसू झाले. एकोणीस लाख सह्या हासुद्धा काही लहान आकडा नव्हे, पण ती गोष्ट त्या हशात बुडून गेली. खोट्या सहीचे हेच असते. ती एकटी बाद होत नाही, शेजारच्या खऱ्या सह्यांनाही घेऊन बुडते.

आमच्याकडचा दाखला श्रोत्यांना ठाऊक असेल. १८८४ सालच्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा मागण्यांचे निवेदन ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी सरकारी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुटी मिळाली ती १८९० च्या जून महिन्यात. म्हणजे सहा वर्षे लागली. मधल्या काळात कमिशनला किंवा गिरणीमालकांना ते निवेदन बासनात बांधून ठेवण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नव्हती.

आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची पुढची शाळा युनियनच्या कचेरीत भरली, आणि तेथे पुस्तकांपेक्षा मागणीपत्रेच अधिक. परंतु मागणीपत्रांवर सह्या घेत आयुष्याची तीसएक वर्षे गेल्यामुळे एक प्रश्न आम्हांला सदैव छळीत आला. ज्या सहीपुढे सरकारला ‘बघू, विचार करू’ असे म्हणता येत नाही, अशी सही जगात कोठे आहे काय? ती आहे, आणि तिचा इतिहास बव्हंशी कष्टकरी माणसांनी घडविला आहे.

उगम स्वित्झर्लंडात. १८७४ च्या राज्यघटनेने तेथे ठरले की, संघसभेने केलेल्या कायद्याविरुद्ध ३०,००० नागरिकांनी सह्या केल्या तर तो कायदा सार्वमताला टाकलाच पाहिजे. १८९१ साली पुढचे पाऊल पडले. ५०,००० नागरिकांनी सह्या केल्यास घटनेतील दुरुस्ती त्यांनी स्वतःच सुचवावयाची आणि सर्व मतदारांनी तिच्यावर मत द्यावयाचे. याला उपक्रमाचा अधिकार म्हणतात. अर्थात हे नागरिक म्हणजे पुरुष. स्विस स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकांत मत मिळावयास १९७१ साल उजाडले. त्यानंतर मतदार वाढले तशी सह्यांची संख्याही वाढविण्यात आली, आणि आता सार्वमतासाठी १०० दिवसांत ५०,००० व उपक्रमासाठी १८ महिन्यांत एक लाख सह्या लागतात.

ही कल्पना अमेरिकेत नेली कोणी? जेम्स सुलिव्हन नावाच्या, छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कामगाराने. तो छापखाना कामगारांच्या युनियनचा माणूस. स्वित्झर्लंडात जाऊन त्याने सगळा व्यवहार डोळ्यांनी पाहिला आणि त्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते पुस्तक पार पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉन राज्यात विल्यम यूरेन याच्या हाती पडले. यूरेन हा लोहाराचा मुलगा. स्वतः भाता ओढलेला, खाणीत खपलेला, पुढे वकिली शिकलेला, आणि त्या वेळी लेवेलिंग नावाच्या फळबागवाल्याच्या घरी राहत असलेला. त्या काळी तेथील विधिमंडळ रेल्वे कंपन्यांच्या खिशात असे. यूरेनने शेतकरी संघटना, नाइट्स ऑफ लेबर आणि पोर्टलंडच्या कामगार संघटना यांना एका समितीत आणले, आणि प्रचाराची पत्रके हजारांनी वाटली.

घटनादुरुस्ती विधिमंडळाच्या दोन लागोपाठच्या बैठकांत मंजूर व्हावी लागे. १८९९ आणि १९०१ साली ती झाली, आणि १९०२ च्या जूनमध्ये जनतेने कौल दिला. बाजूने ६२,०२४, विरुद्ध ५,६६८. साउथ डकोटा राज्याने हा अधिकार १८९८ सालीच लिहून ठेवला होता खरा. पण तो हत्यारासारखा वापरून दाखविला ओरेगॉनने. गेल्या निवडणुकीतील मतांच्या शेकडा ८ इतक्या सह्या आणा, तुमचा कायदा मतपत्रिकेवर चढेल, विधिमंडळाला आवडो वा न आवडो.

आता हे हत्यार किती जड, ते पाहा. ओरेगॉनच्या स्त्रियांनी मताधिकारासाठी १९०६ साली सह्या गोळा करवून प्रश्न मतपत्रिकेवर नेला, तो पडला. १९०८ साली पुन्हा, पडला. १९१० साली पुन्हा, तोही पडला. १९१२ साली चौथ्यांदा नेला आणि जिंकला. सही फक्त मतदाराचीच चाले, आणि मतदार तेवढे पुरुष. म्हणजे ज्यांना मत हवे त्यांची सही चालत नव्हती. ज्यांच्याकडे ते होते त्यांच्याच सह्या दर खेपेस नव्याने मागाव्या लागत. अ‍ॅबिगेल स्कॉट डनिवे ही बाई हा लढा चाळीस वर्षे चालवीत होती. विजयाच्या जाहीरनाम्यावर सही करण्याचा मान तिलाच मिळाला, तेव्हा ती ७८ वर्षांची होती.

प्रत्यक्ष काम कसे चालते, हे पुस्तकांत फारसे सांगत नाहीत. आम्हांला तर त्यातच खरा रस. कागद साधा नसतो. कायद्याचा मसुदा किंवा त्याचा सरकारमान्य गोषवारा सोबत असावाच लागतो. सही करणाऱ्याने नाव, पत्ता, तारीख घालावयाची. पुष्कळ राज्यांत सह्या घेणाऱ्यानेही खाली लिहून द्यावे लागते की, या सह्या माझ्या देखत झाल्या. मग कचेरीत मतदार यादीशी ताळा पडतो. कोठे प्रत्येक सही तपासतात, कोठे नमुन्यादाखल काही उचलतात. यादीत नाव नाही, सही बाद. एकाने दोनदा केली, बाद. पत्ता चुकला, तरी बऱ्याच ठिकाणी बाद. म्हणून जाणता कार्यकर्ता हव्यात त्याहून बऱ्याच जास्त सह्या गोळा करतो. ज्यांनी कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना सभासदत्वाचे फॉर्म भरून घेतले आहेत त्यांना हे समजावून सांगावयास नको. माणूस घाईत असतो, एका हातात डबा असतो, आणि पेन नेमके त्याच वेळी चालत नाही.

आणि येथेच पैसा शिरला. फिरण्याचे काम कंटाळवाणे. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने माणसे मोलाने लावली, सहीमागे इतके सेंट असा दर ठरवून. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतच हे सुरू झाले. काही राज्यांनी मोलाने सह्या गोळा करण्यास बंदी घातली. ओरेगॉनने १९३५ साली घातली, कोलोरॅडोने १९४१ साली घातली. कोलोरॅडोतील बंदी मालमोटार वाहतूक सरकारी नियंत्रणातून सोडवू पाहणाऱ्या मंडळींना नडली. सहा महिन्यांत ४६,७३७ सह्या फुकट कोण आणून देणार, असा त्यांचा सवाल. १९८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बंदी रद्द केली. रस्त्यावर माणसाला थांबवून कायदा पटवून देणे हे राजकीय भाषणच आहे, आणि त्यासाठी मजुरी देण्यास सरकारला आडकाठी करता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले.

आमचे मत विचाराल तर मजुरी देण्यात पाप नाही. उन्हात आठ तास उभा राहणारा माणूसही कामगारच. दोष आहे तो नगावर दर ठरविण्यात. नगावर काम म्हटले की हात भरभर चालतो आणि डोळा बंद होतो, हे मागावर काय आणि कागदावर काय, सारखेच. ओरेगॉनच्या मतदारांना हे कळले असावे. २००२ साली त्यांनी उपक्रमाच्याच मार्गाने असा नियम केला की, सह्या गोळा करणाऱ्याला वेळेप्रमाणे वेतन द्या, सहीमागे दर देऊ नका. न्यायालयातही तो टिकला.

पण पैशाची पोच त्याहून लांब आहे. कॅलिफोर्नियात १९११ साली हा अधिकार आला तो रेल्वे कंपनीच्या मगरमिठीतून राज्य सोडविण्यासाठी. त्याच कॅलिफोर्नियात २०१९ साली विधिमंडळाने असा कायदा केला की, अ‍ॅपवर गाडी चालविणाऱ्यांना कामगार म्हणून हक्क मिळावेत. उबर, लिफ्ट आणि त्यांच्या भाऊबंद कंपन्यांनी लगेच आपला उपक्रम मांडला. ६,२३,२१२ सह्या हव्या होत्या, त्या पैशाच्या बळावर मिळाल्या. एकंदर मोहिमेवर वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात शेकडा ५८ मतांनी चालक ‘स्वतंत्र कंत्राटदार’ ठरले. लोहाराच्या मुलाने घडविलेले हत्यार मालकाच्या हाती गेले, आणि ते त्याच्या हातातही तितकेच धारदार निघाले.

तरी गोष्ट एकतर्फी नाही. २०११ च्या मार्चअखेर ओहायो राज्याच्या गव्हर्नराने एका कायद्यावर सही केली. शिक्षक, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान असे सुमारे साडेतीन लाख सरकारी नोकर. त्यांच्या युनियनांचा वाटाघाटीचा अधिकार त्याने छाटला, संप तर बंदच केला. ओहायोत असा नियम आहे की, नव्वद दिवसांत पुरेशा सह्या आल्या तर तो कायदा सार्वमत होईपर्यंत लागूच होत नाही. लागणार होत्या २,३१,१४७, आणि त्याही राज्याच्या निम्म्या जिल्ह्यांतून ठरावीक प्रमाणात. हजारो स्वयंसेवक बाहेर पडले. २९ जून रोजी राजधानीच्या रस्त्यांवरून मिरवणूक काढून मालमोटारीतून खोकी नेण्यात आली. सह्या १२,९८,३०१! छाननीत ३,८२,८४५ बाद झाल्या आणि ९,१५,४५६ टिकल्या. इतक्या बाद होऊनही गरजेच्या जवळजवळ चौपट. नोव्हेंबरात शेकडा ६१ मतदारांनी कायदा फेटाळला. १८४८ च्या चार्टिस्टांच्याही सह्या बाद झाल्या होत्या. फरक इतकाच की ओहायोत उरलेल्या सह्यांवर कोणाला हसता आले नाही.

आमच्या देशाच्या घटनेत असा अधिकार नाही. परंतु महाराष्ट्रात त्याचे एक लहान भावंड आहे, आणि ते बायकांनी पाळले आहे. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे शब्द खेड्यापाड्यांत पोरालाही ठाऊक आहेत. २००८ सालच्या आदेशाने असे ठरले की, गावातील शेकडा २५ महिला मतदारांनी दारूचे दुकान बंद करण्याची मागणी सह्यांनिशी केली, तर सह्यांची पडताळणी करून गुप्त मतदान घ्यावयाचे. मतपत्रिकेवर दोन चित्रे. दुकान राहावे म्हणणारीने उभ्या बाटलीवर शिक्का मारावयाचा, जावे म्हणणारीने आडव्या. येथे सही म्हणजे ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ नव्हे. ती पुरेशी भरली की अधिकाऱ्याला मतपेटी घेऊन गावात यावेच लागते.

पुढचा उंबरठा मात्र ओहायोपेक्षा उंच. तेथे झालेल्या मतांचे बहुमत पुरते. येथे गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी मुंबईला मुलीकडे गेली, जी उसतोडीला गेली, जिचे नाव मृत्यूनंतरही यादीत राहिले, ती प्रत्येक बाई हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला जमा होते. म्हणून अशा गावांतल्या बायकांना सह्यांचे कागद घेऊन दारोदार फिरताना हेही विचारावे लागते की, मतदानाच्या दिवशी घरातली कोण कोठे असेल, आणि तिला आणावयाचे तर एस.टी. किती वाजता आहे.