झाशी : १८५८ नंतरची पुनर्घडण

१८५८च्या वेढ्यात उद्ध्वस्त झालेल्या नेवाळकरांच्या राजधानीची पुढील काळातली आर्थिक व राजकीय उभारणी. शहर पुन्हा वर आले ते मुख्यतः तटाबाहेर, कचेऱ्या आणि रेल्वे यांच्या आधाराने. जिल्ह्यातली खेडी मात्र कर्जात रुतून राहिली.

विध्वंस : नेवाळकर घराण्यातील झाशीचे राजे गंगाधरराव १८५३मध्ये वारले. त्यांचा दत्तक नामंजूर करून ईस्ट इंडिया कंपनीने १८५४मध्ये संस्थान खालसा केले. १८५७च्या बंडानंतर मार्च १८५८मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला व ३ एप्रिलला फौज शहरात घुसली. त्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये (प्रकाशन १९०७) पेटलेला हलवाईपुरा आहे, सोन्या-रुप्यावरून भांड्यांवर, भांड्यांवरून कपड्यालत्त्यांवर आलेली लूट आहे. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दलही त्यांनी हळहळून लिहिले आहे. मराठीला लाभलेले हे साधन अमोल आहे. लष्करी अहवालांत न सापडणारे घरांच्या आतले झाशी त्यात दिसते. मृतांच्या संख्येबाबत साधनांत एकवाक्यता नाही.

दुहेरी अंमल : १८६१मध्ये शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेले. जिल्हा इंग्रजांकडेच राहिला आणि त्याचे ठाणे तटाबाहेरच्या झाशी-नौआबाद येथे बसले. पेठ एका सरकारची, कचेरी दुसऱ्याची, अशी स्थिती पंचवीस वर्षे टिकली. १८८६मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला व मुरार शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशीचे शहर व किल्ला घेतला.

शेती व कर्ज : पुनर्घडणीचा खरा कस येथे लागतो आणि येथेच ती तोकडी पडली. बंडाच्या धामधुमीत सारा एकदा भरलेल्या कित्येकांना तो पुन्हा भरावा लागला, असे म्हटले जाते. पुढे सारा रोख व ठरल्या मुदतीत देणे भाग झाले. पीक बुडाले की सावकाराचे दार गाठायचे. त्यात १८६८-६९चा दुष्काळ आला. शेतांत कांस माजले. या गवताची मुळे इतकी खोल जातात की साध्या नांगराला ती निघत नाहीत, त्यामुळे चांगली काळी जमीनही पडीक पडे. अखेर १८८२मध्ये झाशीतील कर्जबाजारी जमीनदारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. खास न्यायाधीशाने सावकारांचे दावे तपासावेत व सरकारने कर्ज देऊन काहींची जमीन सोडवावी, अशी त्यात तरतूद होती. तरीही जमिनी हातच्या जातच राहिल्या. १९०३च्या बुंदेलखंड जमीन हस्तांतर कायद्याने बिगरशेतकऱ्यांकडे जमीन जाण्यावर बंधने घातली. सरकारने केलेले निदान बरोबर होते, पण ते पंचेचाळीस वर्षे उशिरा झाले.

रेल्वे : इंडियन मिडलँड रेल्वेने १८८९च्या सुमारास झाशीला इटारसी, ग्वाल्हेर, कानपूर व माणिकपूर या दिशांच्या मार्गांचे जंक्शन केले. १८९५मध्ये येथे रेल्वेचा कारखाना निघाला. १९००मध्ये रेल्वेचा कारभार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे (जीआयपी) गेला. शहराला स्थिर रोजगार यातूनच मिळाला.

राजघराणे : गंगाधररावांचे दत्तकपुत्र दामोदरराव इंदूरला अल्प निवृत्तिवेतनावर राहिले, मृत्यू १९०६.

राजकीय जीवन : विसाव्या शतकात येथील मराठी घराण्यांतून काँग्रेसचे कार्यकर्ते व क्रांतिकारक दोन्ही पुढे आले. रघुनाथ विनायक धुळेकर संविधान सभेचे सदस्य आणि १९५२मध्ये झाशीचे खासदार झाले; आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. चंद्रशेखर आझादांचे साथीदार सदाशिवराव मलकापूरकर व विश्वनाथ वैशंपायन झाशीचेच.

उद्योग : भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना, १९७४.