डिअर जिंदगी : समुपदेशनाच्या खोलीत शिरलेला हिंदी चित्रपट

‘डिअर जिंदगी’ हा गौरी शिंदे यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट 25 नोव्हेंबर 2016 रोजी भारतात प्रदर्शित झाला. मूळच्या पुण्याच्या शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ (2012) नंतरचा हा दुसरा चित्रपट. आलिया भट यांनी कायरा या तरुण छायाचित्रणकार मुलीची, तर शाहरुख खान यांनी डॉ. जहांगीर खान ऊर्फ ‘जग’ या मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका साकारली आहे. छायाचित्रण लक्ष्मण उतेकर यांचे, संगीत अमित त्रिवेदी यांचे. नोटाबंदीची घोषणा होऊन जेमतेम अडीच आठवडे लोटले असताना हा चित्रपट पडद्यावर आला.

कथानकाला घटनांची फारशी गर्दी नाही. कामात निपुण, पण नाती जुळू लागताच ती स्वतःच तोडून टाकणारी कायरा मुंबईतील भाड्याचे घर सोडावे लागल्याने गोव्याला आई-वडिलांकडे परतते. तिला झोप येईनाशी होते. एका हॉटेलात सुरू असलेल्या मानसिक आरोग्यविषयक परिषदेत ती जगचे बोलणे ऐकते आणि त्याच्याकडे जाऊ लागते. लहानपणी पालकांनी आपल्याला आजी-आजोबांकडे ठेवले, ही जखम हळूहळू उघडी पडते. सोडून जाणाऱ्याला आधीच सोडून द्यावे, असा तिच्या वागण्याचा अलिखित नियम का झाला, याचे उत्तर तेथे सापडते. हिंदी चित्रपटातील मनोरुग्ण दीर्घकाळ साखळदंड, विजेचे झटके आणि वेड्यांचे इस्पितळ यांच्याच चौकटीत दिसत आला. येथे मात्र रुग्ण नोकरी करते, मैत्रिणींत हसते आणि तरीही तिला मदत लागते. या एका बदलासाठी चित्रपटाची नोंद घ्यावी लागते.

जगची पद्धत सैल आहे. तो तिच्याबरोबर समुद्रकिनारी लाटांशी कबड्डी खेळतो, सायकलीवरून भटकतो. प्रत्यक्ष समुपदेशनात अशी मोकळीक सहसा दिली जात नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु सर्वांत महत्त्वाच्या क्षणी पटकथा चुकत नाही. उपचार संपताना कायरा त्याच्याविषयीची ओढ व्यक्त करते, तेव्हा तो ती हळुवारपणे नाकारतो. अशी ओढ उपचारकाला नवी नसते. ती स्वीकारणे हा मात्र व्यावसायिक मर्यादेचा भंग ठरतो. शाहरुख खान पडद्यावर असताना प्रेमकथा टाळणे हे धाडसच होते.

याच विषयाची मराठी वाट निराळी आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (2004) मध्ये स्किझोफ्रेनिया आहे, तर कोकण किनाऱ्यावर घडणाऱ्या ‘कासव’मध्ये नैराश्य. ‘कासव’ला 64व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. तेथे डॉक्टरपेक्षा सोबत मोठी ठरते.

कायराला समुद्रकाठी निवांत घर असलेला डॉक्टर लाभतो. बहुसंख्य भारतीयांना तो लाभत नाही. निम्हान्सच्या 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. त्यावरचा एक उपाय गोव्यातच आजमावला गेला, हा योगायोग सहसा कोणी सांगत नाही. ‘संगत’ या संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचे समुपदेशन दिले. नेहमीच्या उपचाराला या समुपदेशनाची जोड मिळालेले रुग्ण अधिक सुधारल्याचे निष्कर्ष डिसेंबर 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले, चित्रपट तेव्हा नुकताच प्रदर्शित झालेला होता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये संमत झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळवण्याचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.