अर्ध्या आण्याचा शिक्का

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण लग्न ठरलं तरी वापरतो आणि बजेट मंजूर झालं तरी. मुळात ते दोन वेगळे ठसे. मराठेशाहीच्या पत्रात शाईचा शिक्का माथ्यावर आणि मजकूर संपला की तिथेच मोर्तब, म्हणजे खाली कुणी आणखी ओळ घुसडायला नको. ठसा छत्रपतींचा, नाहीतर त्यांच्या अधिकाऱ्यांचा. रयतेनं फक्त तो मानायचा.

१८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तो मान्य करावा असं तिथले रेसिडेंट बार्टल फ्रियर यांनी वर कळवलं. डलहौसीनं ऐकलं नाही, राज्य खालसा केलं. गंमत बघा, खालसा राज्याचा कारभार पुन्हा फ्रियरसाहेबांकडेच आला! सही आपली, मत दुसऱ्याचं. सरकारी नोकरी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे १८५० साली साहेब कमिशनर म्हणून सिंधला गेले. तिथे त्यांनी १ जुलै १८५२ पासून अर्ध्या आण्याचं गोल तिकीट सुरू केलं, ‘सिंध डाक’. आशियातलं हे पहिलं टपाल तिकीट. शाईनं छापलेलं नाही, दाबून उठवलेलं, आपण ज्याला एम्बॉसिंग म्हणतो ते. मधे कंपनीचं चिन्ह, भोवती पट्टा. आधी लाल लाखेच्या पातळ चकत्या केल्या, पण त्या ठिसूळ, प्रवासात तडकायच्या. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव. तर पांढऱ्यावर पांढरं, दिव्याच्या उजेडात दिसेना! शेवटी निळा रंग दिला. १ ऑक्टोबर १८५४ ला सगळ्या हिंदुस्थानची तिकिटं आली आणि सिंध डाक बंद झाली. लाल चकत्या आज अतिशय दुर्मिळ आहेत.

मला यात कारागिरीपेक्षा दुसरंच काही दिसतं. साताऱ्याचा ठसा गेला तो कुणाला न विचारता. आणि त्याच माणसाच्या हातून, चारच वर्षांत, असा ठसा निघाला की अर्धा आणा दिला की कुणीही विकत घ्यावा आणि आपल्या पत्रावर चिकटवावा. चिन्ह कंपनीचंच, हे खरं. पण पत्र कुणाला धाडायचं, आत काय लिहायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

हेच फ्रियर १८६२ ला मुंबईचे गव्हर्नर झाले. फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचंच नाव द्यायचं घाटत होतं. त्यावर काही शिक्कामोर्तब झालं नाही. असो!