घरच्या इंटरनेटच्या बिघाडाची वाटचाल

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. तेव्हा मोडेम टेलिफोनच्याच तारेवरून नंबर फिरवी. घरात कुणाचा फोन चालू असेल तर इंटरनेट बंद. बिघाड कानानेच ओळखता येई: फोनमध्ये खरखर असली की जोडणीही टिकत नसे.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला. २००५ मध्ये बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा आली. आवाज आणि डेटा एकाच तांब्याच्या तारेवरून जाऊ लागले. त्यांना वेगळे करणारी स्प्लिटरची छोटी डबी चुकीची जोडली, किंवा पावसाळ्यात तारेच्या जोडात पाणी शिरले, की मोडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे तारेवरच्या जोडणीचा, दिवा लुकलुकत राही. कंपनीने दिलेल्या राउटरला दोष देण्याआधी तार तपासणे हाच तेव्हाचा खरा उपाय होता.

फायबर आल्यावर पाण्याचा त्रास बराच सरला. मात्र काचेचा धागा तीव्र कोनात वाकला किंवा तुटला, की ‘लॉस’चा लाल दिवा लागतो. तिथे राउटर पुन्हा सुरू करून काही साधत नाही, लाइनमनच लागतो.

तार नीट असूनही घरात वाय-फाय मंद चालते तेव्हा, बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यासारख्या जुन्या, दाट वस्तीत दोष अनेकदा भिंतींचा असतो. जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झच्या लहरी लवकर क्षीण होतात, २.४ च्या अधिक दूर जातात. म्हणून तक्रार नोंदवण्यापूर्वी संगणक केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. तिथे वेग नीट मिळाला, तर राउटरची जागा बदलावी.