पोर्ट-रॉयलच्या छोट्या शाळा

आपल्या धर्मग्रामांत प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा म्हटला, की शुभ्र पोशाखातील लहानगी मुले डोळ्यांपुढे येतात. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे, की ते पूर्वापार असेच चालत आले असावे असे वाटते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात युरोपातील अनेक धर्मप्रांतांत मुलांना त्यासाठी दहा, बारा, क्वचित चौदा वर्षांची होईपर्यंत थांबावे लागे. या विलंबामागे केवळ शिस्त नव्हती. देवाची कृपा लहान मुलात कशी कार्य करते, या प्रश्नाचे एक विशिष्ट उत्तर त्यामागे होते.

त्या उत्तराची मुळे शोधू गेल्यास संत ऑगस्टीनपर्यंत (३५४-४३०) जावे लागते. मनुष्य स्वबळावर पुण्यवान होऊ शकतो, या पेलाजिअसच्या मताविरुद्ध ते झगडले आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ते मत नाकारले. कृपा ही देणगी आहे, कमाई नव्हे. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात त्यांनी तान्ह्या बाळातला मत्सरही टिपला आहे. पण त्याच ग्रंथात शाळेतल्या माराची आठवणही आहे. मार चुकावा म्हणून छोटा ऑगस्टीन देवाची करुणा भाकी आणि वडीलधारी मंडळी, त्याचे आईवडीलसुद्धा, त्याला हसत. पुढच्या पिढ्यांनी बाळाचा मत्सर लक्षात ठेवला. मुलाचे रडे मात्र बहुधा विसरल्या.

इप्रचे बिशप कॉर्नेलियस यान्सेन यांचा ‘ऑगस्टिनस’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली लुव्हें येथे प्रसिद्ध झाला. पापाने मानवी स्वभाव पुरता बिघडला आहे आणि कृपेवाचून तो क्षणभरही सावरू शकत नाही, हा त्याचा सूर. यान्सेन यांचे मित्र, सें-सिरानचे मठाधिपती, यांच्या प्रेरणेने पॅरिसच्या नैर्ऋत्येकडील पोर्ट-रॉयल मठाच्या आश्रयाने ‘छोट्या शाळा’ सुरू झाल्या.

या शाळांविषयी वाचताना मन द्विधा होते. एका गुरूकडे मोजकीच मुले असत. स्नानसंस्काराने मिळालेली निर्मळता जगाच्या संसर्गापासून जपायची, म्हणून गुरूची नजर दिवसरात्र मुलांवर. पण हे गुरू निर्दय नव्हते. छडीचा आधार ते क्वचितच घेत. मुलांशी कमी बोलावे, पुष्कळसे सोसावे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना अधिक करावी, अशी सें-सिरान यांची शिकवण होती. (आजच्या किती पालकांना ही पेलेल?) लॅटिनऐवजी मातृभाषेतून वाचन शिकवण्याचा पायंडाही त्यांनी पाडला. नाटककार रासीन इथलाच विद्यार्थी.

मात्र स्तुती वर्ज्य. जेझुइटांच्या विद्यालयांत स्पर्धा आणि बक्षिसे होती. पोर्ट-रॉयलला त्यात अहंकाराचे बी दिसे. मठात राहणाऱ्या मुलींसाठी जॅकलीन पास्काल यांनी १६५७ साली नियमावली लिहिली, तीत मौनाला मोठे स्थान होते. त्यांचे बंधू ब्लेझ पास्काल हे पोर्ट-रॉयलचे कट्टर कैवारी. पण कौतुकाची ओढच न उरल्याने तिथली मुले उदासीन होतात, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली आहे. घरच्याच माणसाची ही साक्ष मला फार मोलाची वाटते. कृपा कमावता येत नाही हे खरे. पण म्हणून मुलाला ‘छान केलेस’ म्हणायचे नाही, हे त्यातून निघत नाही. जी देणगी अकारण मिळते, तिची पहिली ओळख मुलाला आईबापांच्या अकारण कौतुकातच होत असते.

राजसत्तेच्या रोषामुळे १६६० साली त्या शाळा बंद पडल्या. विचार मात्र टिकला. आंत्वान आर्नो यांनी १६४३ सालच्या ग्रंथात वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याविरुद्ध इशारा दिला होता. १६५३ साली पोप इनोसंट दहावे यांनी यान्सेनवादाची पाच विधाने दोषी ठरवली, तरी आधी पात्र व्हावे आणि मगच वेदीपाशी जावे, ही भीती कुटुंबांत झिरपत राहिली. त्रेंतच्या धर्मसभेने १५५१ साली ख्रिस्तप्रसादाला दररोजच्या अपराधांवरील औषध म्हटले होते. इथे औषधाचेच बक्षीस झाले, आणि तेही ज्यांना बक्षिसे नकोशी होती त्यांच्या हातून!

लिझ्यची संत तेरेजा १८७३ च्या जानेवारीत जन्मली. तिचे आईवडील पुढे २०१५ साली संतपदी पोहोचले. घर भक्तीने भरलेले. तरीही प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तिला ८ मे १८८४ पर्यंत, अकरा वर्षांची होईपर्यंत, थांबावे लागले. १८९७ साली ती वारली.

त्यानंतर तेरा वर्षांनी, ८ ऑगस्ट १९१० रोजी, संत पोप दहावे पायस यांच्या काळात ‘क्वाम सिंग्युलारी’ हा आदेश निघाला. साधारण सातव्या वर्षी, साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसादाची भाकर यांतला भेद मुलाला उमगला की पुरे; संपूर्ण धर्मज्ञानाची अट नको. मूल तयार झाले की नाही, हे कोणी ठरवायचे? आदेशाने हा निर्णय दोघांवर सोपवला: पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर आणि मुलाच्या बापावर.