व्हीसीआर : घरगुती यंत्राची सफाई व निगा (सांबरा-बेळगाव परिसर)

व्हीसीआर. व्हिडिओ कॅसेट टीव्हीवर दाखवणारे घरगुती यंत्र. नुसते दाखवते ते व्हीसीपी, रेकॉर्डही करते तो व्हीसीआर. बोलण्यात दोन्हींना ‘व्हिडिओ’च म्हणत. ‘आज कुणाकडे व्हिडिओ आणलाय?’ या प्रश्नात भाड्याचे यंत्र, टीव्ही, तीन-चार कॅसेटी आणि रात्रभराचे जागरण एवढे सगळे येई. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. भारतात १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास दूरदर्शन रंगीत झाले आणि त्या दशकात ही यंत्रे घरोघर नाही, तरी गल्लोगल्ली पोचली.

सांबरा हे गाव बेळगावच्या पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर, बागलकोटच्या वाटेवर आहे. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलासाठी बांधलेली धावपट्टी, आजचा बेळगाव विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र यांमुळे त्याचे नाव सर्वांना माहीत. विमानतळ म्हटला की सपाट, उघडी जमीन आलीच. उन्हाळ्यात तिथली धूळ बंद खिडकीलाही जुमानत नाही. जूनपासून सगळीकडे ओल. तिकडे निपाणीत वखारींच्या आसपास तंबाखूची पूड हवेत असते. कॅसेट घालायची खिडकी नुसत्या झडपेची, त्यामुळे यंत्राला हे सगळे बिनतक्रार सोसावे लागते.

रचना. टेप अर्धा इंच रुंद. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरहून जास्त भरते. यंत्र ती बाहेर ओढून ६२ मिलिमीटर व्यासाच्या, किंचित कललेल्या ड्रमभोवती गुंडाळते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत हा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो, टेप मात्र सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरांहून थोडीच जास्त सरकते. ड्रमच्या कडेला समोरासमोर बसवलेली दोन चिमुकली हेडे टेपवर तिरक्या रेघांतून चित्र वाचतात. प्रत्येक रेघ सुमारे पन्नास मायक्रॉन रुंद, म्हणजे केसापेक्षाही बारीक. टेपवरच्या चुंबकीय लेपाचा कण त्या हेडाच्या फटीत बसला की चित्र गेले. दोन्ही हेडे तुंबली तर पडदाभर मुंग्या. एकच तुंबले तर चित्र दिसते, पण थरथरते आणि त्यावर बर्फ पडल्यासारखे वाटते. पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेला पट्टा दिसत असेल तर दोष बहुधा हेडात नसतो. तो ट्रॅकिंगचा किंवा टेपला वाट दाखवणाऱ्या खांबांचा असतो. चित्र ठीक आणि आवाज दबका असेल, तर कडेचे स्थिर आवाजाचे हेड मळलेले असते.

मळ येतो कुठून? लोक यंत्राला दोष देतात, पण बरीचशी दुखणी कॅसेट आणते. भाड्याची कॅसेट सर्दीसारखी घरोघर फिरे. एकाकडची बुरशी, दुसऱ्याकडचे तेल, तिसऱ्याकडची चुरगळलेली टेप ती पुढच्या घरी नेई. म्हणून सफाई कॅसेटपासून सुरू करावी. कॅसेटची झडप उचलून उजेडात पाहावे. रिळावर पांढुरकी जाळी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट कुणाच्या लग्नाची असली तरी चांगल्या यंत्रात घालू नये, कारण एका वापरात ती सगळा मार्ग मळवते.

सफाई. प्लग काढावा. वरचे झाकण काढल्यावर वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावू नये, तिथे प्लग काढल्यावरही काही वेळ वीज साठून राहते. शॅमॉय चामड्याचा किंवा धागे न सोडणाऱ्या कापडाचा तुकडा पाणी नसलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करून ड्रमच्या कडेला हलकेच टेकवावा. दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवावा. कापड हलवायचे नाही, ड्रम फिरवायचा. वरखाली घासले की हेडाची टोके तुटतात आणि मग सगळा वरचा ड्रमच बदलावा लागतो. कापसाची काडी हेडाला कधीच लावू नये, तंतू अडकतात. स्थिर हेडे, खांब आणि टेप ओढणारा धातूचा दांडा यांना मात्र ती चालते. टेप त्या दांड्यावर दाबणारे रबरी चाक सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. पुसूनही ते चकाकत असेल तर रबर कडक झाले असे समजावे आणि ते बदलावे. सगळे पंधरा मिनिटे वाळू दिल्याशिवाय कॅसेट घालू नये.

कोरी करकरीत नोट स्पिरिटात बुडवून हेड पुसण्याची एक रीत होती. ती कधी कधी चालेही, म्हणूनच टिकली. पण नोटेचा कागद खरखरीत, आणि हेड तिच्यापेक्षा कितीतरी महाग. सफाईच्या कोरड्या कॅसेटीही घासूनच काम करतात. त्या महिन्याला लावण्याची वस्तू नव्हे. शिलाई मशीनचे तेल आत सोडणे तर सर्वांत वाईट. तेल आतल्या रबरी पट्ट्यावर गेले की पट्टा घसरतो, टेप गुंडाळणारे रीळ मागे पडते आणि यंत्र ‘टेप खाते’. खांबांचे स्क्रू फिरवून पाहण्याची हौसही आवरावी.

पावसाळा. काही यंत्रांत ड्रमजवळ दव ओळखणारा भाग असतो. ड्रम ओलसर असेल तर यंत्र कॅसेट घेत नाही किंवा घेऊन परत देते. लोक त्याला बिघाड समजून ठोकतात; खरे तर ते शहाणपणाने वागत असते, कारण ओल्या ड्रमला टेप चिकटते. यंत्र चालू ठेवून तास-दोन तास थांबावे.

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हा जगातला नव्या व्हीसीआरचा शेवटचा मोठा झरा आटला. आता पट्टे आणि रबरी चाके बऱ्याचदा जुन्या यंत्रांतून काढावी लागतात, म्हणून एक मेलेले यंत्र माळ्यावर असू द्यावे. कॅसेटी पूर्ण रिवाइंड करून पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात, स्पीकरपासून दूर. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि आषाढ-श्रावणात ती एक-दोनदा बदलावी.